मोटारीचीं चाकें जागींच कां फिरतात ?

२०२४ च्या जून महिन्यांतील पहिल्या पावसाची ती संध्याकाळ होती. तळेगांवच्या बाजूचा एक लहान रस्ता जुन्या मुंबई-पुणें रस्त्याला जेथें मिळतो, तेथें आमची मोटार उभी होती. चालवीत होता माझा भाचा. शेजारीं मी, आणि मागें त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण. मोठा रस्ता अर्धा ओलांडून आम्हांला उजवीकडे वळावयाचें होतें. उजव्या हातानें एक ट्रक येत होता, परंतु तो बराच लांब होता. अशा वेळीं कोणीहि निघतो तसाच माझा भाचा निघाला. त्यानें पाय दाबला. एंजिन एकदम ओरडलें, पुढचीं चाकें गर्रकन् फिरलीं, गाडीचें नाक डावीकडे सरकलें, आणि गाडी मात्र ट्रकच्या वाटेंत, जवळजवळ जागच्या जागींच, राहिली. ट्रकवाला सावध होता. त्यानें वेग आधींच कमी केलेला होता, आणि रस्त्याच्या कडेच्या मातींत चाकें घालून तो आमच्या मागून निघून गेला. जातांना त्यानें जें कांहीं म्हटलें तें नभोवाणीवर सांगण्यासारखें नाहीं.

थोड्या वेळानें मागून बहीण म्हणाली, “अरे, एवढे पैसे घालून तूं गाडीचा जोर वाढवून आणलास ना ? मग ती हलली कां नाहीं ?”

या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आम्हां दोघांपैकीं कोणीच दिलें नाहीं. वास्तविक मी जन्मभर यंत्रशास्त्र शिकविण्याचा धंदा केलेला माणूस; परंतु छाती धडधडत असतांना यंत्रशास्त्र आठवत नाहीं. आजचें भाषण म्हणजे तिच्या प्रश्नाला दिलेलें, थोडें उशिराचें, उत्तर होय.

प्रथम गाडीची हकीकत सांगतों. गाडी टर्बो-पेट्रोल जातीची, पुढच्या दोन चाकांना एंजिनाचा जोर पोंचविणारी, आणि दुसऱ्या हाताची. घेऊन दोन महिने झाले नाहींत तोंच भाच्यानें एका कारखान्यांत तिच्या एंजिनाच्या संगणकांतील आज्ञावली बदलून घेतली. पूर्वीं एंजिनाचा पीळ, ज्याला यंत्रशास्त्रांत टॉर्क म्हणतात, तो २०० न्यूटन-मीटर होता; आतां तो २५० झाला. तसा कागदच त्याला मिळाला होता, व तो त्यानें मोठ्या अभिमानानें मला दाखविला होता. टायर मात्र पहिल्या मालकाच्या वेळचेच होते. त्यांची चौकशी त्या कारखान्यानें केली नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मींहि केली नाहीं.

आतां क्षणभर मोटार सोडून आगगाडीकडे चला. कर्जतहून खंडाळ्याकडे चढणारा भोर घाटांतील लोहमार्ग आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेला आहे. १८६३ सालीं खुल्या झालेल्या या मार्गावर ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे, आणि पुष्कळ गाड्यांना कर्जतला मागून जादा एंजिनें जोडावीं लागतात. पुढच्या एंजिनाची ताकद कमी पडते म्हणून तीं जोडतात, अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धीच खरी. पुढच्या एंजिनाची ताकद कितीहि वाढविली तरी त्याचीं चाकें ज्या वजनाखालीं रुळांवर दाबलेलीं असतात त्याच्या एका ठराविक हिश्श्यापलीकडे तीं रेटा देऊंच शकत नाहींत. अधिक द्यावयास जावें तर चाक फिरतें आणि गाडी उभी राहते. म्हणून वजनाखालीं दबलेलीं आणखी चाकें मागून लावावयाचीं. म्हणूनच एंजिनाच्या चाकांपुढें रुळांवर वाळू सोडण्याची नळीहि बसविलेली असते. रेल्वेच्या ड्रायव्हरला जें पहिल्या दिवशीं शिकवितात, तें मोटारवाल्याला बहुधा कोणीच सांगत नाहीं : एंजिन जोर निर्माण करतें, पण तो जोर रस्ता उसना देईल तेवढाच उपयोगीं पडतो.

रस्ता किती देतो याचा हिशेब फारसा कठीण नाहीं. मोटारीचा एक टायर रस्त्याला जेथें टेकतो ती जागा आपल्या तळहाताएवढी असते. गाडीचें सारें चालणें, वळणें आणि थांबणें अशा चार तळहातांवर अवलंबून आहे, आणि आमच्या गाडींत पुढें ओढण्याचें काम त्यांतील दोघांकडेच आहे. गाडीचें वजन माणसें धरून सुमारें १३०० किलोग्रॅम. त्यांतील सुमारें ८०० पुढच्या चाकांवर. गाडी जोरानें निघूं लागली कीं भार मागें झुकतो, जसा घोडा उसळला म्हणजे स्वार मागें कलतो, आणि ज्या चाकांना ओढावयाचें आहे तींच हलकीं होतात. पुढच्या चाकांच्या गाडीचें हें दुर्दैव जन्मजात आहे. कोरड्या, चांगल्या डांबरावर घर्षणाचें प्रमाण ०·९ धरलें, तर हा झुकाव वजा जातां या दोन चाकांना सुमारें ६०० किलोग्रॅम वजनाइतका रेटा देतां येतो. ओल्या रस्त्यावर तें प्रमाण ०·५ धरा; रेटा ३६५ वर येतो. आणि पहिल्या पावसांत, महिनोन्‌महिने साचलेलें तेल, धूळ आणि रबराचा कीस यांचा राड जेव्हां वर येतो, तेव्हां ०·३ धरणेंहि धाडसाचें नव्हे. तेथें उरतात सुमारें २३०.

एंजिन काय देऊं करतें तें आतां पाहूं. २५० न्यूटन-मीटरचा पीळ पहिल्या गिअरमधून चाकापर्यंत पोंचतो तेव्हां, वाटेंतील घट वजा करून, तो सुमारें १००० किलोग्रॅम वजनाइतका रेटा होतो. दुसऱ्या गिअरमध्यें ५७०, तिसऱ्यांत ३८५. म्हणजे त्या संध्याकाळीं रस्ता २३० देत होता आणि माझा भाचा १००० मागत होता. दोनशेंचा पीळ अडीचशें केल्यानें मागणें तेवढें वाढलें. बहिणीच्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच होतें, पण कोणास हें सांगितलें तर तो विचारतो कीं, मग साध्या एंजिनाच्या गाडींत असें क्वचितच कां होतें ? तिचाहि पहिला गिअर रस्ता देईल त्यापेक्षां अधिक मागूं शकतो.

येथें टर्बोचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. एंजिनांतून बाहेर पडणारे तप्त वायु पूर्वीं फुकट जात. त्यांच्या झोतानें एक लहान चक्र फिरवावें, त्याच दांड्यावर दुसरें चक्र बसवून त्यानें एंजिनांत हवा कोंबावी, म्हणजे अधिक हवेबरोबर अधिक इंधन जाळतां येईल, ही ती युक्ति. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनिअरानें तिचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. प्रवासी मोटारींत ती प्रथम आली १९६२ सालीं, अमेरिकेंत. आणि स्वीडनच्या साब कंपनीनें १९७७ सालीं ‘९९ टर्बो’ ही गाडी दाखविल्यानंतर घरगुती वापराच्या मोटारींत तिला खरी प्रतिष्ठा आली. ही साबसुद्धां पुढच्याच चाकांची होती. टर्बोचें तें चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे करूं शकतें; परंतु त्या गतीला पोंचावयास त्याला क्षणभर लागतो. तेवढ्यांत काय होतें ? चालकाचा पाय दाबलेला असतो, गाडी आळशीपणानें निघते, म्हणून तो आणखी दाबतो. आणि मग हवेचा दाब एकदम चढून सारा पीळ एकाच वेळीं येतो. साधें एंजिन मागितल्याबरोबर थोडें थोडें देतें. टर्बो आधीं नाहीं म्हणतो आणि मग मागितल्यापेक्षां जास्त देतो. चाक एकदां निसटलें कीं आणखी एक दुष्टचक्र सुरू होतें. ओझें सुटल्यामुळें एंजिनाचे फेरे वाढतात, फेऱ्यांबरोबर वायूंचा झोत वाढतो आणि झोताबरोबर पुन्हां पीळ वाढतो. इकडे रबराची रीत अशी कीं, तें रस्त्यावर किंचित्, म्हणजे शेंकडा दहापंधरा, सरकत असतें तेव्हां सर्वांत चांगलें पकडतें; त्याहून अधिक घसरूं लागलें म्हणजे पकड घटत जाते. मागणें वाढत आहे आणि देणें घटत आहे, अशा व्यवहाराचा शेवट काय व्हावयाचा तो आम्हीं ट्रकपुढें पाहिला.

मग उपाय काय ? भाच्यानें दुसऱ्याच दिवशीं तीन उपाय गोळा करून आणले. पहिला, चाकांतील हवा २४ पौंडांवर आणावी. दुसरा, रुंद टायर बसवावे. तिसरा, दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारें डिफरन्शिअलच बदलावें. हे तिन्ही उपाय त्याला मित्रांनीं सांगितले होते. आणि मित्रांचा सल्ला म्हणजे निव्वळ मूर्खपणा असतो असें मी म्हणणार नाहीं.

हवेचें प्रथम घेऊं. वाळूंत किंवा चिखलांत हवा कमी केल्यानें टायर पसरतो व गाडी निघते, हें खरें आहे. पावसांतील डांबरी रस्त्यावर मात्र त्याच्या उलट घडूं शकतें. रस्त्यावर पाणी सांचलेलें असलें आणि वेग वाढला म्हणजे टायर पाण्यावर अक्षरशः तरंगूं लागतो. अमेरिकेच्या नासा संस्थेंतील संशोधकांनीं १९६३ सालीं विमानांच्या टायरांवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, तरंगण्याचा हा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. त्या सूत्रानें ३२ पौंड दाबाला हा वेग ताशीं सुमारें ९४ किलोमीटर येतो. २४ पौंडांना तो सुमारें ८२ वर उतरतो. मोटारीच्या टायरला हें सूत्र तंतोतंत लागू पडत नाहीं, खाचा किती खोल आहेत यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. परंतु दिशा स्पष्ट आहे. तळेगांवच्या चौकांत दोन पावलें लवकर निघण्यासाठीं द्रुतगति मार्गावर बारा किलोमीटरांची सुरक्षितता गमावणें मला परवडण्यासारखें वाटत नाहीं. शिवाय कमी हवेचा टायर कडांनीं तापतो व लवकर झिजतो. दाराच्या चौकटीवर गाडीच्या कारखान्यानें जो आंकडा लिहिलेला असतो तो गाडी थंड असतांना पाहून ठेवावा. एवढें साधें काम आमच्या घरीं तोंवर कोणीं केलेलें नव्हतें. पंक्चरवाला भरील ती हवा!

टायरांवर मात्र मी थोडा रेंगाळणार आहें, कारण सर्व उपायांचें मूळ तेथेंच आहे. त्या रविवारीं आम्हीं दोघे गाडीशेजारीं उकिडवे बसून टायरांच्या भिंती वाचूं लागलों. प्रत्येक टायरवर लंबवर्तुळांत चार आंकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. आमच्या टायरांवर ३११८ असे आंकडे होते, म्हणजे २०१८ सालचा एकतिसावा आठवडा. जवळजवळ सहा वर्षांचें रबर ! खाचांत खोलवर पाहिलें तर खुणेचे उंचवटे असतात, १·६ मिलिमीटरांचे. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलें कीं टायर संपला. आमच्या टायरांना अजून थोडी जागा होती, म्हणून भाचा म्हणाला, “मामा, अजून वर्षभर चालतील.” मीं नखानें रबर दाबून पाहिलें, तें बुटाच्या जुन्या टाचेसारखें लागलें. खाच शिल्लक असली तरी रबराचा मऊपणा शिल्लक असतोच असें नाहीं. डांबराच्या बारीक खडबडींत शिरून तिला धरून ठेवावयाचें हें रबराचें काम. उन्हानें आणि वयानें तें कडक झालें म्हणजे शिरत नाहीं, नुसतें वरून सरकतें.

नवे टायर घेतांना काय पाहावें ? कित्येक टायरांवर अमेरिकन पद्धतीचा एक झिजेचा आंकडा असतो : २००, ३००, ४००. आंकडा लहान तितकें रबर सामान्यतः मऊ, आणि म्हणून अल्पायुषी. मात्र हा आंकडा कारखानदार स्वतःच ठरवितो, तेव्हां दोन कारखान्यांच्या आंकड्यांची तुलना फार विश्वासानें करूं नये. त्याच्या शेजारचें अक्षर ओल्या रस्त्यावरील पकडीचें; दुहेरी ए सर्वोत्तम, सी सर्वांत कनिष्ठ. युरोपांत २०१२ पासून टायरांना ओल्या पकडीची अक्षरी श्रेणी चिकटविणें सक्तीचें आहे, आणि परदेशीं तोच टायर विकला जात असेल तर ती श्रेणी घरबसल्या पाहतां येते. येथें एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे. ओल्या रस्त्यावर चांगला धरणारा टायर पेट्रोल फार खातो, अशी पूर्वीं स्थिति होती खरी. परंतु १९९० नंतरच्या दशकांत काजळीऐवजीं वाळूच्याच कुळांतील सिलिका रबरांत मिसळूं लागल्यापासून हा पेंच पुष्कळसा सुटला. रेल्वेनें वाळू रुळावर टाकली. टायरवाल्यांनीं तिची बहीण रबराच्या पोटांत घातली.

रुंद टायरांविषयीं मी इतकेंच म्हणेन कीं, शाळेंतील घर्षणाचा नियम, म्हणजे स्पर्शाच्या क्षेत्रफळाला महत्त्व नाहीं हा, रबर पूर्णपणें पाळीत नाहीं, आणि कोरड्या रस्त्यावर रुंदीचा थोडा लाभ मिळतो. पण रुंद टायरला पाणीहि अधिक बाजूला सारावें लागतें. शर्यतीच्या मैदानासाठीं केलेले जवळजवळ गुळगुळीत टायर तर आपल्या आषाढांत आत्मघातच होत.

डिफरन्शिअलची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर जावें लागतें, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनें फिरूं देणारें हें यंत्र पेकर नांवाच्या फ्रेंच माणसानें १८२८ सालीं वाफेच्या गाडीसाठीं योजिलें. तें फार न्यायी आहे. दोघांना सारखाच पीळ देतें. पण या न्यायाचा परिणाम असा कीं, एक चाक निसटलें म्हणजे त्याला लागतो तेवढाच क्षुल्लक पीळ दुसऱ्यालाहि मिळतो. आम्ही त्या दिवशीं उजवीकडे वळत होतों, गाडी डावीकडे कलली होती, म्हणून उजवें चाक हलकें झालें आणि तेंच फिरत राहिलें. डाव्या चाकाखालीं पकड होती, ती वांयां गेली. हेंच दुखणें जर्मनींत ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांना होतें. त्यांच्या सोळा सिलिंडरांच्या, हवा कोंबलेल्या एंजिनापुढें एक मागचें चाक ताशीं १६० किलोमीटरांपर्यंत निसटत असे. तेव्हां १९३५ सालीं फर्डिनांड पोर्शे यांनीं झेड्. एफ्. कारखान्याकडून निसटण्यावर मर्यादा घालणारें डिफरन्शिअल करवून घेतलें. पुढच्या चाकांच्या गाड्यांत दांत्यांच्या परस्पर घर्षणावर चालणारें डिफरन्शिअल अधिक सोसतें. २००९ च्या फोर्ड फोकस आर्. एस्. गाडींत तें होतें. ३०५ अश्वशक्ति पुढच्या दोनच चाकांतून काढतांना स्टिअरिंग हातांतून हिसकलें जाऊं नये म्हणून त्या गाडीच्या पुढच्या चाकांची बिजागरीहि निराळी घडविली होती.

आणि चारहि चाकांना जोर दिला तर ? १९७७ च्या हिवाळ्यांत फिनलंडमध्यें चाचणी घेतांना आउडीच्या येर्ग बेन्सिंगर या एंजिनिअराच्या लक्षांत आलें कीं, इल्टिस ही ७५ अश्वशक्तीची लष्करी गाडी बर्फावर कितीतरी बलवान् मोटारींना मागें टाकते, कारण तिचीं चारहि चाकें ओढतात. त्यांतून १९८० सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत क्वात्रो ही २०० अश्वशक्तीची टर्बो गाडी आली. पुढच्याच वर्षीं मिशेल मूतों या स्त्रीनें ती चालवून इटलींतील सानरेमो रॅली जिंकली. पण तयार गाडीला मागाहून असें चौचाकी करणें हें घर पाडून पुन्हां बांधण्यापैकीं आहे, तेव्हां तें सोडून द्यावें.

यानंतर मी भाच्याला एकच विचारलें : चाकांचें निसटणें ओळखून एंजिनाला आवरणारी विद्युत्-योजना गाडींत होती ना ? बॉशनें १९८६ पासून ती मोटारींत आणली, आणि आतां ती सर्रास असते. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बटण दाबून बंद ठेवली होती. गाडी मोकळी वाटते.” त्याच्या आईसमोर हा कबुलीजबाब झाला, त्यामुळें पुढील अर्धा तास तांत्रिक चर्चा होऊं शकली नाहीं.

ही योजना पकड निर्माण करीत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. चाक घसरल्यावरच ती जागी होते. त्यापेक्षां आधींच मागणें कमी करणें शहाणपणाचें. ज्या आज्ञावलीनें पीळ वाढविला तिलाच सांगतां येतें कीं, पहिल्या गिअरमध्यें इतकाच, दुसऱ्यांत इतकाच, आणि पूर्ण जोर तिसऱ्यापासून पुढें. कित्येक कारखाने मूळच्या गाडींतच असें करतात. माझें स्वतःचें मत विचाराल तर मूळ आज्ञावली परत घालावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखान्यानें दिलेल्या मूळ स्वरूपांत फेरफार करण्यास आडवें येतें, आणि विमा कंपनीला न कळवितां केलेला बदल अपघातानंतर कसा महागांत पडतो हें वकिलांना चांगलें ठाऊक आहे. पण पंचविशीच्या मुलाला मत सांगणें निराळें आणि पटणें निराळें. आमची तडजोड झाली ती टायरांवर, बटणावर आणि मूळच्या पिळावर, या क्रमानें.

जातां जातां आणखी एक लहान गोष्ट. चाकें निसटतांना पुढून थडथड आवाज येई. एंजिन ज्या रबरी बैठकींवर टेकतें त्यांतील एक फाटलेली निघाली. एंजिन उचलून आपटत असल्यामुळें चाकाची पकड सुटे, बसे, सुटे. ती थोडक्या पैशांत बदलली. चाकांची दिशा मोजून घेतली तीहि बिघडलेली होती. रस्त्यावरील मोठमोठ्या यंत्रांपेक्षां अशा फाटक्या रबरांनींच पुष्कळ पकड खाल्लेली असते, असा माझा अनुभव आहे.

२०२५ च्या पावसाळ्यांत आम्हीं त्याच वळणावर पुन्हां उभे होतों. बहीण पुढच्या आसनाची पाठ दोन्ही हातांनीं धरून बसली होती. रस्ता पूर्ण मोकळा होईपर्यंत भाचा थांबला, पाय हलकेच ठेवून निघाला, पुढचीं चाकें क्षणभर कुरकुरलीं, डॅशबोर्डावरचा पिवळा दिवा लुकलुकला, आणि आम्ही पलीकडे गेलों. डिफरन्शिअलचा विषय अद्याप घरांत निघतो. त्याची किंमत चार टायरांहून पुष्कळ अधिक आहे, आणि निम्मे पैसे मामानें द्यावे असा प्रस्ताव आहे. मीं अजून होकार दिलेला नाहीं.